माय आंघोळ करून गेली होती

“शी लुक्स फाइन टू मी.”

नर्स हे मला म्हणाली, मायला नाही. मायकडे तिनं एकदाच पाहिलं होतं. इस्त्रीची पांढरी साडी, तिला हिरवे काठ. तेल लावून घट्ट घातलेला अंबाडा. हात मांडीवर, पाठ ताठ. तोंडातून हूं नाही की चूं नाही. नर्सनं मनगट धरून नाडी मोजली, तोंडात थर्मामीटर ठेवलं, काढलं. मग हातातला कागद ट्रेमधल्या गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सरकवला आणि भिंतीकडच्या खुर्च्या दाखवल्या. सकाळचे अकरा वाजले होते.

मी थँक यू म्हणाले. माझी आई पोटातून फाटत होती आणि मी त्या बाईला थँक यू म्हणाले. ते आठवलं की आजही स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

माय माझ्या बाळंतपणासाठी आली होती. ऐंशी साल उलटून फार दिवस झाले नव्हते. आम्ही कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, मी दुसऱ्या एका कंपनीत लॅब टेक्निशियन. माय मराठवाड्यातून कधी बाहेर पडलेली नव्हती, ती एकदम विमानातच बसली. पिशवीत डिंक, खारीक, आळीव आणि बाळाला पांघरायला जुन्या लुगड्यांची वाकळ. कस्टमवाल्यानं आळिवाची पुडी हुंगून पाहिली, तेव्हा तिनं त्याला मराठीत समजावून सांगितलं की हे बाळंतिणीला लई चांगलं असतंय. त्यानं पुडी परत दिली.

अशी होती ती. बोलघेवडी. खालच्या लॉन्ड्रीत एक मेक्सिकन म्हातारी यायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, मायलाही नाही. दोघी मशीनसमोर बसून तासतासभर बोलायच्या, एक स्पॅनिशमध्ये, एक आमच्या बोलीत. कुणाची सून कशी आहे ते दोघींना ठाऊक झालं होतं.

ती बोलायची हे मुद्दाम सांगतेय. कारण त्या दिवशी ती बोलली नाही. का बोलली नाही, ते पुढे येईल. ते सांगायचं म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलंय.

पलीकडच्या बिल्डिंगमध्ये एक काकू राहायच्या, पुण्याच्या. मनानं वाईट नव्हत्या. माझ्या डोहाळजेवणाला त्यांनी ओटी भरली, बाळ झाल्यावर मेथीचे लाडू करून आणले. पण पहिल्याच भेटीत चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं होतं, तुमचं आडनाव गावावरून दिसतंय, मूळचे कोण तुम्ही? नवऱ्यानं विषय ट्रॅफिकवर नेला.  दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या हॉलमधला फोटो काढून बेडरूमच्या कपाटात ठेवला. कुणाचा फोटो, ते आमच्यातल्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगण्याचं धाडस तेव्हा नव्हतं. मंडळाच्या गणपतीत आम्ही आरतीला उभे राहू लागलो. टाळ्याही बरोबर वाजवू लागलो.

माय आली आणि तिसऱ्या दिवशी तिनं कपाट उघडलं. “ह्यांना कोंडून कशाला ठेवलंस गं?” म्हणाली. मी कपाट लावून टाकलं. उलट तिलाच बजावलं, काकू आल्या की जास्त बोलत जाऊ नकोस. बोलण्यावरून कळतं.  ती म्हणाली, “बरं.” त्या दिवसापासून काकू आल्या की ती बाळाला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसायची आणि नुसती हसायची. काकू म्हणायच्या, तुझ्या आई किती शांत आहेत गं. त्यांच्यासमोर मीही तिला आई म्हणायचे. घरात माय.

त्या शुक्रवारी संध्याकाळपासून तिच्या पोटात दुखत होतं. बेंबीपाशी सुरू झालं, शनिवारी सकाळी उजवीकडे खाली सरकलं. दोन उलट्या झाल्या. नवऱ्याची शनिवारची शिफ्ट होती, गाडी त्याच्याकडे. प्लँटमध्ये फोन केला तर तो आत धूळबंद खोलीत पांढऱ्या पोशाखात, त्याला बोलावता येत नाही म्हणाले, निरोप देतो. मी काकूंना फोन केला. दहा मिनिटांत येते म्हणाल्या. मुलीला, मीनलला, बाळाजवळ बसवते आणि आपण निघू. मीनल सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली.

पण माय निघेना. भिंत धरत धरत ती बाथरूमकडे गेली. आंघोळ केल्याशिवाय दवाखान्यात यायची नाही म्हणाली.

मी तिला अडवलं नाही. आमच्या घरची ती रीतच होती.

माझ्या आधी मायला एक मुलगा झाला होता. दोन वर्षांचा असताना त्याला हगवण-उलटी लागली. माय त्याला कडेवर घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात चालत गेली. अंगावर त्याचीच घाण. डॉक्टर ओट्यावर उभा होता. त्यानं तिथूनच विचारलं, कुठल्या वाड्यातली? आणि म्हणाला, “आधी धुऊन ये. ही घाण घेऊन पायरी चढू नको.” माय ओढ्यावर परत गेली. पोराला धुतलं, स्वतःला धुतलं, लुगडं धुऊन ओलंच नेसलं आणि परत आली. दवाखाना बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ गेला.

ही गोष्ट तिनं आम्हाला खूपदा सांगितली. पण डॉक्टरला कधी शिवी दिली नाही. “माझंच चुकलं. तशीच गेले मी,” म्हणायची. तेव्हापासून आमच्याकडे दवाखान्यात जायचं म्हणजे आंघोळ, धुतलेले कपडे, डोक्याला तेल. ताप असो, हाड मोडलेलं असो. कुणी आपल्याला घाण म्हणता कामा नये. मीसुद्धा माझ्या बाळंतपणाला कळा सोसत आंघोळ करून, वेणी घालून गेले होते. त्याचा मला अभिमान वाटला होता, काय सांगू.

तर त्या सकाळी माय बाथरूममध्ये बसून अंगावर पाणी घेत होती आणि मी बाहेर तिची साडी इस्त्री करत होते. काठसुद्धा नीट बसवले. तापाची गोळी दिली. तासभर गेला त्यात. काकू दारात गाडीची किल्ली वाजवत उभ्या. मायला पाहून म्हणाल्या, अगंबाई, किती फ्रेश दिसताहेत. माय हसली.

म्हणून नर्सला ती ठीक दिसली. आंघोळीनं आणि गोळीनं ताप उतरलेला, साडीला एक सुरकुती नाही. ती बाई तरी काय बघणार? असं मी बरेच दिवस म्हणत आले. आता म्हणत नाही. दुखतंय का हे तिनं विचारायला हवं होतं. पोटाला हात लावायला हवा होता. तालुक्याच्या त्या डॉक्टरनं घाण बघून हात लावला नाही, हिनं स्वच्छता बघून लावला नाही. हात कुणीच लावला नाही.

काउंटरवरच्या बाईनं इन्शुरन्स विचारला. माय व्हिजिटर, तिचा कुठला इन्शुरन्स? ती बाई म्हणाली, मग तुम्ही काउंटी हॉस्पिटलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, जाऊ शकता, तिथे घेतात. मी काकूंकडे पाहिलं.

“काउंटीला नको हं,” काकू म्हणाल्या. “तिकडे कसले कसले लोक येतात. इथेच बसू आपण, प्रॉपर हॉस्पिटल आहे.”

माय ऐकत होती. कसले कसले लोक म्हणजे कोण, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि पाठ आणखी ताठ केली.

आम्ही बसलो. नारिंगी प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर उंच टांगलेला टीव्ही, कोपऱ्यात सिगारेटच्या थोटकांनी भरलेली राखदाणी. टेनिस खेळताना पाय मुरगळलेला एक माणूस आमच्यानंतर आला आणि आमच्याआधी आत गेला. एका बाईला मधमाशी चावली होती. ती काउंटरवर हात आपटून ओरडली. तिलाही घेतलं. काकू माझ्या कानात म्हणाल्या, बघ, काय मॅनर्स आहेत. मी मान डोलावली.

बाराला मी उठून विचारलं. अजून थोडा वेळ लागेल. एकला विचारलं. त्या बाईनं वर न बघताच तेच सांगितलं. माय खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती. बोटं पांढरी पडली होती. मी विचारलं, खूप दुखतंय का? तिनं आधी काकूंकडे पाहिलं आणि मग मान हलवली. नाही म्हणाली की हो म्हणाली, मला कळलं नाही. मी परत विचारलं नाही.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा नर्सच काउंटरवर होती. मी म्हणाले, माझ्या आईला फार त्रास होतोय. तिनं माझ्या खांद्यावरून मायकडे पाहिलं. ताठ बसलेली, स्वच्छ, शांत बाई.

“मॅम, वी हॅव सिक पीपल हिअर,” ती म्हणाली.

मी जागेवर येऊन बसले. माझा चेहरा गरम झाला होता, शाळेत पाण्याच्या माठापासून हाकलायचे तेव्हा व्हायचा तसा. एम.एस्सी. केलं, सातासमुद्रापलीकडे आले, तरी तोच चेहरा आणि तशीच मुकाट्यानं मागे फिरले. काकू म्हणाल्या, सारखं मागे लागलं की हे लोक चिडतात गं. पेशन्स ठेव.

दोनच्या सुमाराला मायनं एकदम मोठा श्वास घेतला. बोटं सैल झाली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “आता बरं वाटायलंय.” मला इतकं हलकं वाटलं. काकू म्हणाल्या, गॅस असेल, उगाच घाबरलीस. मी तर घरी जायचाही विचार केला. बाळाची दुधाची वेळ टळून गेली होती, ब्लाउज भिजला होता. पण इतका वेळ थांबलोच आहोत तर दाखवूनच जाऊ म्हणून थांबलो. त्याच वेळी तिच्या पोटात आतडं फुटलं होतं. फुटलं म्हणून दुखायचं थांबलं होतं. हे मला नंतर डॉक्टरनं सांगितलं. आणि मी मनातल्या मनात कुणाकुणाचे आभार मानत होते.

तासाभरानं तिला हुडहुडी भरली. मग उलटी आली. तिनं ती पदरात झेलली, तरी थोडी जमिनीवर सांडली. मी काउंटरकडे धावले. नर्सनं पाहिलं, टेबलाखालून कागदी टॉवेलचा रोल काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

“यू कॅन यूज दीज.”

मी रोल घेतला. गुडघ्यांवर बसले. सहा आठवड्यांपूर्वीचे टाके ओढले जात होते. मी पुसलं. नुसतं पुसलं नाही, चांगलं पुसलं, खुर्चीच्या पायांमागचं, कोपऱ्यातलंसुद्धा. समोर काकूंच्या चपला होत्या, त्या मागे सरकल्या. वरून माय पुटपुटली, “नीट पूस गं. नाहीतर म्हणतील.” मी परत पुसलं.

दुसरी उलटी हिरवीकाळी होती. सगळी साडीवर. नर्सनं लांबूनच पाहिलं. रोल अजून माझ्या हातात होता. तिनं नुसतं बोटानं दाखवलं, तिथे, खाली.

मी जमिनीकडे पाहिलं. आणि मला हाताला रोलचं वजन जाणवलं. माझी आजी लोकांची अंगणं झाडायची. माय तरुणपणी मेलेली ढोरं ओढायला गेलेली. मी इथे, इतक्या लांब, माझ्या मरत्या आईची उलटी त्यांच्या फरशीवरून पुसत होते, कारण त्यांना पेशंटपेक्षा फरशीची काळजी होती. आणि मी ते चांगलं करून दाखवत होते.

“आय विल नॉट क्लीन इट,” मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. रोल खाली टाकला, तो उलगडत लांबपर्यंत गेला.

मग मी मायच्या काखेत हात घालून तिला उठवलं. ती अंग आखडून घेत होती. तिला फरफटत मी आत जायच्या दारासमोर नेलं, दोन झडपांच्या त्या दारासमोर, आणि तिथे जमिनीवर आडवं केलं. अंबाडा सुटला. साडी गुडघ्यांवर गेली. तिनं माझ्या मनगटात नखं रुतवली.

“लोक बघायलेत गं. उठव मला.”

मी उठवलं नाही. आयुष्यात मी तिला दिलेला तो सगळ्यात मोठा अपमान. ती ज्या गोष्टीला जन्मभर भ्यायली, ती मी स्वतःच्या हातांनी केली.

काकू धावत आल्या. “अगं तमाशा काय मांडलाय? आपली काही इज्जत आहे इथे.”

“आपली नाही, काकू,” मी म्हणाले. “आम्ही महारवाड्यातले. ही माझी माय आहे.”

आणि मग मी ओरडले. इंग्रजी सुचलंच नाही. माझी माय मरायलीय, माझी माय मरायलीय, एवढंच. टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला. दार उघडलं. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. घड्याळात पाहिलं तर पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. ते स्ट्रेचर त्या दारामागेच होतं, पहिल्यापासून, रिकामं.

ऑपरेशन करणारा डॉक्टर तरुण होता. बाहेर येऊन त्यानं मला बसवलं. अपेंडिक्स फुटून दोन-तीन तास झाले असावेत, सगळ्या पोटात पू पसरलाय म्हणाला. मग मलाच विचारलं, तिला आणायला इतका उशीर का केलात? मी म्हणाले, आम्ही अकरापासून बाहेर बसलो आहोत. त्यानं नर्सकडे पाहिलं. नर्सनं ट्रेकडे.  बहुतेक आमचा कागद अजून तळाशीच होता.

माय चार दिवस जगली. नवरा रात्रंदिवस तिच्या उशाशी उभा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला नीट शुद्ध आली. ओठ कोरडे पडले होते, मी ओला बोळा फिरवला. तिनं पहिलं विचारलं, साडी धुतलीस का? मी हो म्हणाले. साडी त्यांनी कात्रीनं कापून कचऱ्यात टाकली होती. मग तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं रागावेल, लोकांसमोर असं पाडलंस म्हणून. रागावली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, “मी काकूसमोर बोलले नाही बरं का. लई दुखायलं होतं, पण नाही बोलले.”

मी तिचा हात धरला.  त्यानंतर तिला परत नीट शुद्ध आली नाही.

नर्सनं तिला ओळीच्या शेवटी टाकलं. पण तिचं तोंड मी आधीच बंद करून ठेवलं होतं. दोघींनी मिळून केलं ते. नर्सला तिचं नावही आठवत नसेल. मला सगळं आठवतं.

माय गेल्यावर काकू एकदा डबा घेऊन आल्या, पिठलं-भात. दारातच उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. मी डबा रिकामा करून आणते म्हणाले, तर म्हणाल्या, राहू दे गं, परत नको करूस. स्टीलचा चांगला डबा होता, पुण्याहून आणलेला. झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. तो अजून माझ्याकडे आहे. त्यात मी खिळे ठेवते.

बरोबर आलेली मीनल त्या गेल्यावर मागे थांबली. बाळाला तिनंच त्या दिवशी सांभाळलं होतं. मला मिठी मारून तिनं विचारलं, “मावशी, व्हाय डिडन्ट यू जस्ट येल?” अगदी साधेपणानं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. दुखलं की ओरडायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.  काय उत्तर देणार? माझा भाऊ, तो ओढा, ते ओलं लुगडं, कपाटातला फोटो, हे सगळं त्या पोरीला इंग्रजीत कुठून सांगू?

हॉस्पिटलला मी पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, झाल्या गोष्टीचा खेद आहे, नियमांप्रमाणे सर्व काळजी घेण्यात आली. माझ्या मागे वकील नव्हता, ओळख नव्हती. पुढे काही झालं नाही. ती नर्स आजही तिथे असेल, कागद तळाशी सरकवत असेल. माझ्यानं तिचं काही वाकडं झालं नाही. हे लिहिण्यानंही होणार नाही, ते मला ठाऊक आहे.

फोटो तेवढा मी हॉलमध्ये लावला. सोफ्यासमोर, येणाऱ्याला पहिला दिसेल असा. येणारे कमी झाले.

गेल्या महिन्यात माझी मुलगी झाडावरून पडली. तेव्हाचं ते बाळ आता पाच वर्षांचं आहे. कोपर सुजून टम्म झालं, तोंडाला, केसांना, गुडघ्यांना चिखल. नवरा सवयीनं ओला टॉवेल घेऊन आला. मी त्याच्या हातातून काढून घेतला. तशीच तिला उचलली आणि गाडीत घातली. आता मी गाडी चालवते.

रस्ताभर ती मोठ्यानं रडत होती. मी तिला गप्प बस म्हणाले नाही. इमर्जन्सीच्या दारातून तशीच रडत, चिखल सांडत आम्ही आत गेलो. फरशी नुकतीच पुसलेली होती. काउंटरवरच्या बाईनं आधी फरशीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि खुर्च्या दाखवून म्हणाली, “प्लीज हॅव अ सीट.”

मी बसले नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून तिथेच उभी राहिले, मुलगी कडेवर, आणि मुलीला म्हणाले, रड.

आजाऱ्याला आंघोळ घालून दवाखान्यात न्यायची रीत आमच्या घरात होती. ती मी मोडली आहे. इथून पुढे माझ्या घरातलं माणूस जसं असेल तसं जाईल, घाणीत असेल तर घाणीत, आणि आपल्याच बोलीत ओरडत जाईल. त्याला आत घेईपर्यंत मी खुर्चीवर बसणार नाही.